आरोपीच्या वकिलाचे काम

मार्केट यार्डातला दिवस रात्रीच सुरू होतो. भाजीपाल्याच्या गाड्या लागलेल्या असतात, गाळ्यांवर दिवे असतात, हमालांच्या पाठीवर पोती असतात आणि प्रत्येकालाच घाई असते. अशा घाईच्या जागी भांडणे व्हायचीच. टेम्पो कोणी कुठे लावला, कोणाची पोती आधी उतरवायची, वाराईचे पैसे किती, असल्या कारणांवरून रोज आवाज चढतात आणि चहाच्या कपाबरोबर उतरतातही. समजा, एखाद्या पहाटे तो आवाज उतरला नाही. शिव्या झाल्या, धक्काबुक्की झाली, एकाच्या हातात पोते ओढायचा लोखंडी आकडा होता, तो समोरच्याच्या मानेत बसला. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांना बिडी देणाऱ्या दोघांपैकी एक ससूनमध्ये पोचण्याआधी गेला आणि दुसरा पोलीस कोठडीत गेला.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण कोणत्याही जिल्हा न्यायालयात आठवडाभर बसले तर त्याची भावंडे भेटतात. दुपारपर्यंत त्या कोठडीतल्या मुलाची आई कुठल्या तरी वकिलापुढे बसलेली असते. तिचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते, "साहेब, माझ्या पोरानं मुद्दाम नाही हो मारलं." आणि शेजारपाजारच्यांचेही वाक्य ठरलेले असते, "ज्यानं माणूस मारला त्याचं वकीलपत्र घ्यायचंच कशाला?"

या दोन वाक्यांच्या मधे आपला सगळा फौजदारी कायदा उभा आहे. गंमत अशी, की आईचे वाक्य भावनेचे वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने तेच नेमके आहे.

माणूस मेला, तो अमक्याच्या हातून मेला, एवढ्यावर आपला कायदा थांबत नाही. मारताना त्याच्या मनात काय होते, हे तो विचारतो. इंग्रजी अमदानीत १८६० साली झालेल्या भारतीय दंड संहितेने ही पायरीपायरीची रचना केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ती ठेवली. फक्त कलमांचे आकडे बदलले. आपल्या बोलण्यात रुळलेले 'तीनशे दोन' आता कलम १०३ झाले आहे आणि 'तीनशे चार' आता १०५ आहे. वरच्या पायरीवर खून. त्याची शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, त्याहून कमी काही नाही. त्याखाली खून नसलेला सदोष मनुष्यवध. मारण्याचा इरादा होता, पण कायद्याने मान्य केलेली काही सवलत लागू पडली, तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे. इरादा नव्हता, पण यातून जीव जाऊ शकतो हे कळत होते, तर दहा वर्षांपर्यंत. आणि तळाशी हयगयीने घडलेला मृत्यू, ज्याला पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि आता पाच वर्षांपर्यंत आहे.

फासापासून पाच वर्षांपर्यंत पसरलेल्या या जिन्यावर आपला माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे, हे ठरवण्यात बचावाच्या वकिलाचे निम्मे आयुष्य जाते. तो साफ निर्दोष आहे असे सांगायची पाळी त्या मानाने कमी वेळा येते.

आपल्या आकड्याच्या प्रसंगात वकील काय पाहील? भांडण अचानक झाले का, की आदल्या दिवशीची खुन्नस होती? आकडा कामाचा म्हणून हातात होता, की गाळ्यात जाऊन आणला? वार एक, की पडलेल्या माणसावर पुन्हा पुन्हा? आरोपीच्या अंगावर जखमा आहेत का, आणि असतील तर त्यांचा खुलासा सरकार पक्ष करतो, की त्या गाळून टाकतो? अचानक भडकलेल्या भांडणात, पूर्वतयारी नसताना, रागाच्या भरात, दुबळेपणाचा गैरफायदा किंवा क्रौर्य न करता जीव गेला, तर तो खून नव्हे, अशी सवलत कायद्यातच आहे. तिथे पहिला हात कोणी उगारला याला महत्त्व नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. 'एकच वार केला' एवढ्यावर मात्र सुटका होत नाही. पंजाबातल्या विरसा सिंग खटल्यात भाल्याचा एकच घाव होता. जी जखम करायची होती ती सामान्यतः जीव घेण्याइतकी असेल तर तो खूनच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सांगितले आणि ते आजही पाळले जाते.

दुसरी सवलत गंभीर आणि अचानक प्रक्षोभाची. नानावटी खटल्यामुळे ती मराठी घराघरात पोचली. १९५९ साली मुंबईत नौदलातल्या कमांडर नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले आणि बाहेर जल्लोष झाला. उच्च न्यायालयाने आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. पत्नीने कबुली दिल्यावर त्यांनी तिला आणि मुलांना सिनेमाला पोचवले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले, मग त्या माणसाचे घर गाठले. यात जवळजवळ तीन तास गेले. एवढा वेळ डोके शांत व्हायला पुरेसा होता, म्हणजे तो 'अचानक' प्रक्षोभ नव्हे, असे न्यायालय म्हणाले. लोकांची सहानुभूती आणि कायद्यातली सवलत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता मार्केट यार्डाच्या अगदी शेजारी येऊ. २५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वारगेट आगारातून संतोष माने नावाच्या एसटी चालकाने एक बस बाहेर काढली आणि ती शहराच्या रस्त्यांवरून, काही ठिकाणी उलट दिशेने, माणसांना आणि वाहनांना चिरडत नेली. ९ जण मेले, कितीतरी जखमी झाले. मेलेल्यांपैकी कोणालाही तो ओळखत नव्हता. त्यांचा दोष एवढाच, की सकाळच्या कामाला ते रस्त्यावर होते.

या घटनेच्या बरोबर तेरा दिवस आधी, १२ जानेवारी २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या ॲलिस्टर परेरा खटल्याचा निकाल दिला होता. २००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर त्याची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. ७ मेले, ८ जखमी झाले. चालक दारू प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने ही हयगय मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मोठा ओरडा झाला. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली.

सात बळी आणि तीन वर्षे. नऊ बळी आणि, पुढे पुण्याच्या सत्र न्यायालयाने दिली ती, फाशी. चहाच्या टपरीवर हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणीही चिडेल, आणि गरीब-श्रीमंताचा विषय निघेल. तो विषय खोटा आहे असे मी म्हणणार नाही. चांगला वकील पैशाने मिळतो, हे उघड आहे. पण या दोन निकालांतला फरक केवळ पैशाचा नाही. प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवली तर माणसे मरू शकतात, ही जाणीव परेराला असायला हवी होती. ती जाणीव म्हणजे मनुष्यवध. पण एका माणसाला धडकल्यावर न थांबता दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, नवव्यावर बस घालणे हे निराळे. कायद्याच्या पुस्तकातच एक उदाहरण आहे. काही कारण नसताना जमावावर तोफ डागली आणि एक जण मेला, तर त्याच माणसाला मारायचा बेत नसला तरी तो खून आहे. मानेची बस ही ती तोफ होती.

मग बचाव उरला कोणता? बस त्यानेच चालवली, शेकडो लोकांनी पाहिले, तो बसमध्येच पकडला गेला. त्याच्या वकिलांनी मनाच्या आजाराचा बचाव घेतला. जुन्या संहितेतले कलम ८४, आताचे कलम २२. कृत्य करतेवेळी मनाच्या विकारामुळे आपण काय करतो हे, किंवा जे करतो ते चूक वा बेकायदा आहे हे, ज्याला कळतच नव्हते, त्याने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, असे हे कलम सांगते. याचे मूळ इंग्लंडात १८४३ सालच्या एका खटल्यात आहे. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या इसमाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घातली, कारण सरकार आपला छळ करते असा भ्रम त्याच्या डोक्यात बसला होता. तो वेडा म्हणून सुटला, देशभर गदारोळ झाला, आणि तिथल्या न्यायाधीशांना वेडाची कायदेशीर व्याख्या करून द्यावी लागली. आपण आजही साधारण तीच वापरतो.

या व्याख्येची खाच अशी आहे, की डॉक्टरी वेड आणि कायद्याचे वेड एक नव्हे. माणूस मानसोपचारतज्ज्ञाची औषधे घेत असेल, झोप लागत नसेल, विचित्र वागत असेल, तरी तेवढ्याने भागत नाही. त्या दिवशी, त्या घटकेला त्याची समज गेलेली होती का, एवढाच प्रश्न. आणि इथे पुराव्याचा भार आरोपीकडे येतो. एरवी सगळे सरकारने सिद्ध करायचे असते; अपवादाची सवलत मागणाऱ्याने मात्र ती स्वतः दाखवायची असते. दिलासा एवढाच, की आरोपीने निःसंशय सिद्ध करावे अशी अपेक्षा नसते. 'तसे असण्याची शक्यता अधिक' एवढे दाखवले तरी चालते.

मानेतर्फे सोलापूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष झाली. सत्र न्यायालयाला ती पुरेशी वाटली नाही. ८ एप्रिल २०१३ रोजी फाशीची शिक्षा झाली. पुढे जे घडले ते सर्वसामान्य वाचकाला किरकोळ तांत्रिक बाब वाटेल, पण माझ्या मते साऱ्या प्रकरणातला तो फार मोलाचा भाग आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात उच्च न्यायालयाने ती फाशी रद्द केली आणि खटला शिक्षेपुरता पुण्याला परत पाठवला. कारण दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले नव्हते. ज्याने नऊ जणांना भररस्त्यात मारले, त्यालाही 'मला कोणती शिक्षा द्यावी' यावर बोलायचा हक्क आहे आणि तो न देता फाशी देता येत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला ऐकून पुन्हा फाशी झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ जानेवारी २०१९ रोजी तिथे फाशीची जन्मठेप झाली.

सर्वोच्च न्यायालयानेही त्याला वेडा मानले नाही. खुनाचा दोष कायम राहिला. पण वेडा नसलेला माणूसही मोडकळीला आलेला असू शकतो. रात्रपाळी बदलून द्या ही त्याची मागणी नाकारली गेली होती, तो मानसिक ताणाखाली होता, हे शिक्षा ठरवताना विचारात आले. म्हणजे जो बचाव दोषाच्या टप्प्यावर तिन्ही न्यायालयांत हरला, तोच शिक्षेच्या टप्प्यावर अंशतः कामी आला. मृतांच्या नातेवाइकांना यातून काय समाधान मिळाले असेल, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ज्यांच्या घरातले माणूस त्या सकाळी परतले नाही, त्यांना कलमांतला हा बारकावा समजावून सांगायला मी जाणार नाही.

हा बचाव कधी यशस्वी होतच नाही असे मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस दलातल्याच एका शिपायाने १९९४ साली घरात पत्नीच्या डोक्यात दगडी वरवंटा घातला. खालच्या न्यायालयांनी जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्याला निर्दोष ठरवले. वडिलांनाही मानसिक आजार होता, घटनेच्या आधीपासून त्याच्यावर उपचार चालू होते, घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले, मारायला म्हणावे असे कारण नव्हते, आणि मारल्यावर त्याने पळायचा किंवा लपायचा प्रयत्न केला नाही. भ्रम आणि संशय निर्माण करणाऱ्या स्किझोफ्रेनियाचा तो रुग्ण होता, हे कागदोपत्री दिसत होते. इथे कुटुंबांनी एक लक्षात ठेवावे. आपल्याकडे घरात असा आजार असला की तो लपवला जातो. लग्न जमेल का, लोक काय म्हणतील, म्हणून डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा फाडून टाकतात. उपचार झाले असते तर कदाचित दोन्ही जीव वाचले असते, ही गोष्ट वेगळीच. पण फाडलेली चिठ्ठी नंतर कोर्टातही नसते. आणि वेडाच्या कारणाने सुटलेला आरोपी दुसऱ्या दिवशी मोकळा हिंडतो ही समजूतही चुकीची आहे. त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचे, की हमी घेऊन नातेवाइकांकडे द्यायचे, हे न्यायालय ठरवते.

आतापर्यंतचे सगळे खटले 'मारले, पण' या जातीचे. दुसरी जात 'मी मारलेच नाही' ही. तिथे पुण्याने देशाच्या कायद्याला दोन खटले दिले आहेत, दोन्ही विषाचे, आणि दोघांचे निकाल एकमेकांच्या उलट.

पहिला डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा. शुक्रवार पेठेतली एक श्रीमंत विधवा, मधुमेहाने आजारी. हा तिचा डॉक्टर, तिच्याच घरात राहणारा. १९५६ च्या नोव्हेंबरात तज्ज्ञाला दाखवायचे म्हणून तो तिला रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन निघाला. पहाटे व्हीटीला गाडी लागली तेव्हा ती बेशुद्ध होती. जी.टी. रुग्णालयात त्याने तिचे नाव भलतेच सांगितले. त्याच दिवशी ती गेली. त्याने नातेवाइकांना कळवले नाही. प्रेत बेवारस राहिले. पुढे पुण्यात तिच्या नावाने पत्रे येऊ लागली, की आपण लग्न करून दूर राहतो आहोत. दरम्यान तिची मालमत्ता डॉक्टरच्या हाती जात होती. शवविच्छेदन दहा दिवसांनी झाले, आणि त्यात विष सापडले नाही. बचाव पक्षाचे म्हणणे सरळ होते: विषच नाही तर विषप्रयोग कुठला? मधुमेहाने ती गेली असेल. नंतर याने लबाडी केली असेल, पण लबाडी म्हणजे खून नव्हे.

सर्वोच्च न्यायालयात १९५९ साली तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी हे मानले नाही. परिस्थितीची साखळी एवढी पक्की आहे की विष प्रयोगशाळेत सापडलेच पाहिजे असे नाही, असे त्यांनी म्हटले, आणि फाशी कायम झाली. तिसऱ्या न्यायमूर्तींना, सरकार यांना, मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झालेले दिसले नाही. एकाच कागदपत्रांवरून एका न्यायमूर्तीला मुक्तता दिसते आणि दोघांना फास. मला हा निकाल वाचताना आजही अस्वस्थ वाटते; आणि त्या डॉक्टरच्या त्यानंतरच्या वागण्याची हकीकत वाचली, की ती अस्वस्थता थोडी कमी होते, हेही खरे.

दुसरा सारडा खटला. जून १९८२ मध्ये पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये लग्नानंतर चारच महिन्यांत एक तरुण विवाहिता सायनाइडने गेली. इथे विष सापडले होते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली, दुःखाने भरलेली पत्रे होती. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पतीजवळ विष होते याचा पुरावा नव्हता. तिने स्वतःच ते घेतले असण्याची शक्यता सरकार पक्षाला पुसता आली नव्हती. आणि काही महत्त्वाचे मुद्दे आरोपीला विचारलेच गेले नव्हते, त्यामुळे ते त्याच्याविरुद्ध वापरता येत नव्हते. न्यायमूर्ती फजल अली यांनी परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली आणि त्यांना 'पंचशील' म्हटले. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध हवा, सगळे दुवे मिळून केवळ दोषाकडेच बोट दाखवणारे हवेत, आणि दुसरी कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये, हा त्यांचा गाभा. आज गुवाहाटीपासून कोचीपर्यंत कोणत्याही न्यायालयात प्रत्यक्ष साक्षीदार नसलेला खुनाचा खटला चालला, की वकील हा पुण्याचा खटला उघडतो.

संशयाचा फायदा म्हणजे पळवाट, असे आपण सहज म्हणतो. महाराष्ट्रातूनच गेलेल्या बोबडे खटल्यात १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही बाजू सांगून ठेवल्या आहेत. 'केले असेल' आणि 'केलेच आहे' यांतले अंतर मोठे आहे आणि ते अंदाजाने ओलांडता येत नाही. पण प्रत्येक बारीकसारीक शंकेचे भांडवल करून दोषींना सोडत गेलात तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास जाईल, असेही त्यांनी बजावले. आरोपीचा वकील शंका दाखवतो. ती शंका खरी की नुसती धूळ, हे न्यायाधीशाने ठरवायचे असते. वकिलानेच आधी न्यायाधीश व्हायचे ठरवले तर काय होईल?

काय होऊ शकते, ते जालना जिल्ह्याने पाहिले आहे. २००३ च्या जूनमध्ये भोकरदन परिसरात एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. ऐकूनही अंगावर काटा यावा असा गुन्हा. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. पुढे त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, असे निष्पन्न झाले. आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते. त्यांच्यावर कारवाई झाली नव्हती आणि ही गोष्ट दाबली गेली होती. ही माणसे सोळा वर्षे तुरुंगात होती, त्यातली कितीतरी फासाच्या छायेत. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या, असा राज्य सरकारला आदेश झाला. योगायोगाची गोष्ट अशी, की मानेची फाशी रद्द करणारे न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांचेच हे खंडपीठ, आणि दोन निकालांत दोन महिन्यांचेही अंतर नाही.

या सहा जणांचा खटला उभा राहिला तेव्हा 'असल्यांचे वकीलपत्र घेऊ नये' असे वाटणारे कमी नसतील. कसाबच्या वेळी मुंबईत हेच झाले. पण त्याच खटल्यात त्याच्याबरोबर दोन भारतीयही आरोपी होते, आणि पुराव्याअभावी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत निर्दोष राहिले. अमुक आरोपीचे काम कोणी घेऊ नये, असे ठराव वकील संघटनांनी करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्टच सांगितले आहे.

राहिला प्रश्न मार्केट यार्डातल्या त्या आईचा. तिच्याजवळ मोठ्या वकिलाची फी नाही. अटकेत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तिला बहुधा कोणी सांगत नाही. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; तिथे साधा अर्ज द्यायचा. फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात दहा वर्षांहून कमी अनुभवाचा वकील नेमू नये आणि त्याला तयारीला किमान सात दिवस द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ठरवून दिले. मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवून, झटपट सुनावणी करून फाशी दिली गेली होती, त्यावरून हे निघाले.

आणि काही गोष्टी तिने करू नयेत. मुलाचे रक्ताळलेले कपडे धुऊ नयेत. त्यावर त्याचे स्वतःचेही रक्त असेल, आणि तेच त्याच्या बचावाला लागेल. त्याला गावी लपवू नये. त्याच्या अंगावर जखमा असतील तर पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे नेतील तेव्हा, म्हणजे अटकेपासून चोवीस तासांत, त्या दाखवून नोंद करून घ्यावी. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने 'तो तिथं नव्हताच' अशी कहाणी रचू नये; कारण 'मी तिथे नव्हतो' आणि 'त्याने मारले म्हणून मी मारले' हे दोन्ही एका तोंडाने सांगता येत नाही, आणि पहिले खोटे पडले की दुसरे खरे असूनही कोणी ऐकत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही, पण त्याने दाखवून दिलेला आकडा होतो. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर जामिनाचा हक्क येतो. तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही, आणि दोषारोपपत्र आल्यावर मागून उपयोग नसतो. त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. त्या पहाटे आसपासच्या गाळ्यांवर कोण कोण होते, कोणत्या गाळ्याला कॅमेरा आहे, हे पहिल्या दोन-चार दिवसांतच वकिलाला सांगावे, कारण कॅमेऱ्यातले जुने चित्रण पुसले जाते आणि हंगाम संपला की हमालही गावाला जातात.